होळीचा गूळ

(कळमनुरी. सन २००३, चैत्राची दुपार. दिवंगत मंत्री शंकरसिंग यांच्या घराचा ओटा. खुर्चीत त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई. समोरच्या बाकावर पुसेगावकडच्या तांड्यावरून आलेला गोपीचंद आणि त्याची मुलगी मिना.)

गोपीचंद : …न् मंग बाईसाहेब, तुमी दिलेला तो बर्फाचा खडा मिनाच्या याडीनं, माझ्या बायकूनं, वढणीच्या पदरात गाठ मारून बांधला. म्हनली, सासूला दाखवते. टरक निघाला. होळीची लेंगी गात गात हिंगोलीला येईस्तवर पदर वला न् खडा गायब!

रुख्मिणीबाई : अगंबाई! मग सासू काय म्हणाली?

गोपीचंद : म्हातारी म्हनली, मंत्र्याच्या घरला जाऊन आली न् पानी घेऊन आली. पानी तर आपल्या हिरीला बी हाय!

रुख्मिणीबाई : किती दिवसांनी हसले हो मी. भाऊ, तुम्ही मघाशी आल्या आल्या गोरमाटीत बोललात ना, ते मला समजतं सगळं. पण बोलायला जीभ वळत नाही. माझे वडील औरंगाबादला मास्तर. तांडा मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. साहेब चिडवायचे, म्हणायचे, रुख्मिणी, तू नावापुरती आमची.

गोपीचंद : आसं कसं? त्या होळीला तुमी बायांच्या रिंगनात नाचल्या की. साहेबानं डफ घेतला, तुमी डोक्यावर पदर घेतला. तवा हिंगोली जिल्हा बी नव्हता झाला, परभनीच व्हती. लाल दिव्याची गाडी पिंपळाखाली उभी, न् पोरं तिला हात लावून लावून बघत व्हती. उभा तांडा दारात, पर तुमी कोनाला वट्ट्याखाली बसू दिलं न्हाई. समद्यांना आत. पंख्याखाली.

रुख्मिणीबाई : हो, आठवतं ना! आणि तुमची बायको… गोरीपान, अंगानं भरलेली, सारखी हसायची. तिला का नाही आणलंत?

मिना : याडी काळी होती. काडीसारखी बारीक.

गोपीचंद : मिना.

मिना : मागच्या पोळ्याला गेली.

रुख्मिणीबाई : अरे देवा. माफ करा हं भाऊ. इतकी माणसं यायची त्या दिवसांत, कुणाचा चेहरा कुणाला लागतो तेच कळत नाही आता.

गोपीचंद : त्यात काय बाईसाहेब. जत्रेत देव समद्यांना दिसतो, देवाला कोन कोन दिसंल?

रुख्मिणीबाई : खेमा! अरे खेमा, चहा टाक. दोन साखरेचे, माझा बिनसाखरेचा… ऐकू येत नाही त्याला. येईल. मला गोड बंद आहे, भाऊ. आधी साखर वाढली, मग गुडघे गेले. त्या खुर्च्या पाहिल्यात का कोपऱ्यात? एकात एक घालून ठेवल्यात त्या? साहेब होते तेव्हा त्या पुरायच्या नाहीत, लोक उभे राहायचे. तेराव्यापर्यंत दारात गाड्या मावत नव्हत्या. चौदाव्या दिवशी मी सवयीनं चहाचं मोठं पातेलं चढवलं, आणि कोणी आलंच नाही. सगळा चहा खेमानं झाडांना घातला.

गोपीचंद : चालायचंच. सूर्य बुडाला की सावली बी पाय काढती.

रुख्मिणीबाई : हा फोन बघा. गेल्या महिन्यात एकदा वाजला. राँग नंबर. नांदेडच्या कुणाला तरी भांडीवाला हवा होता. तरी मी त्या माणसाशी बोलत बसले. पाऊस कसा आहे, मुलं किती, सगळं विचारलं. त्यानंच शेवटी कंटाळून ठेवला… असो. तुम्ही आलात, बरं वाटलं. आणि ही मिना ना? केवढी झाली! सासर कुठलं गं तुझं?

गोपीचंद : चहा येऊ द्या बाईसाहेब. मंग बोलू.

रुख्मिणीबाई : म्हणजे काम आहे. असू दे, संकोच नको. पण आधीच सांगते भाऊ, माझ्या शब्दाला आता कुत्रं विचारत नाही. या खेमाचं रेशनकार्ड अडलं होतं, म्हणून तहसीलला फोन केला. पलीकडचा पोरगा म्हणाला, कोण रुख्मिणीबाई? मी साहेबांचं नाव सांगितलं. तर म्हणतो, ते तर वारले ना? मी म्हटलं, हो बाबा, वारले. ठेवला फोन.

गोपीचंद : तहसीलात नसंल चालत. तांड्यात तुमचा शब्द हाय. जसा दिला तसा उभा हाय.

रुख्मिणीबाई : ऐकून डोळ्यांत पाणी आलं बघा. साहेबांनी माणसं जोडली होती ती अशी.

मिना : तोच मागायला आलो आम्ही.

रुख्मिणीबाई : काय गं?

मिना : शब्द. तो परत घ्या, म्हणून आलो.

रुख्मिणीबाई : मला नाही समजलं. कसला शब्द?

गोपीचंद : पोरगी एकदम तोडून बोलती, बाईसाहेब, मनावर घेऊ नका. मी सांगतो. त्या होळीला ही बारा-तेरा सालाची व्हती. लेंगी हिनंच उचलली, बाकीच्या मागून. साहेब लई खूश. त्याहीनं हिला जवळ बोलावली न् म्हनले, गोपीचंद, ही पोरगी आमची. दिपकला करून घेतो. तुमी म्हनल्या, मला बी पसंत. मंग आतून परात आनली, गूळ आनला, हिच्या तोंडात सोताच्या हातानं खडा घातला. न् मंग साऱ्या तांड्याला वाटला. तांड्याचा नायक समोर व्हता, धरमसिंग नायक. त्याच्या तोंडात बी घातला.

रुख्मिणीबाई : घातला असेल. होळी होती ना. मग?

मिना : मग काय. गूळ खाल्ला म्हणजे झालं.

रुख्मिणीबाई : काय झालं?

गोपीचंद : सगाई, बाईसाहेब.

रुख्मिणीबाई : काहीतरीच काय!

गोपीचंद : आमच्यात तीच रीत हाय. नायकापुढं पोराच्या घरचा मानूस नाव घेतो, गूळ वाटतो, तांडा खातो. त्या वक्तापासून पोरगी त्या घरची मांगलेली.

रुख्मिणीबाई : अहो, पण तो फगव्याचा गूळ होता! तुमच्या बायकांनी फगवा मागितला. मी पर्स उघडली, तर साहेब म्हणाले, थांब. निवडणूक तोंडावर आहे, रोख वाटलं तर उद्या बोंब होईल. मला वाटलं, सणाच्या दिवशी बायका रिकाम्या हातानं कशा पाठवायच्या? घरात गुळाची ढेप होती, ती फोडली. एवढंच. दुसरं काही माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

गोपीचंद : फगवा पैशाचा असतो, नारळाचा असतो. लुगडं-चोळी बी देतात. गूळ न्हाई देत कोनी. गूळ एकाच कामाला वाटतात.

रुख्मिणीबाई : मला काय माहीत, भाऊ?

गोपीचंद : तुमाला ठावं नव्हतं, हे आमाला कुठं ठावं व्हतं? आमी तर त्या टरकात रडत गेलो. खुशीनं. मी मिनाच्या याडीला म्हनलो, आपलं नशीब उघडलं गं. ती म्हनली, हळू बोला, नजर लागंल.

रुख्मिणीबाई : आणि तेव्हापासून ही…?

मिना : तेव्हापासून मी तुमची सून.

रुख्मिणीबाई : असं नको गं बोलू.

मिना : तांड्यात मला तेच म्हणतात. मी दहावीला बसले तेव्हा मास्तरसुद्धा म्हणाले, मंत्र्याच्या सुनेला नापास कसं करायचं. मी नापास झाले, ती गोष्ट वेगळी.

रुख्मिणीबाई : पण दिपकचं लग्न होऊन चार वर्षं झाली. त्याला मुलगी आहे. पुण्याला असतो तो. हे ठाऊक नव्हतं का तुम्हाला?

गोपीचंद : ठावं व्हतं. पेपरात फोटू आलता. मिनाची याडी दोन दिस जेवली न्हाई. मंग उठून म्हनली, मोठ्या घरची मानसं हायेत, रीत मोडायची न्हाईत. फुरसत झाली की येतील न् पंचांपुढं पोरगी मोकळी करून जातील. आमी वाट बघितली. मी दोन डाव आलो बी इथं. एका डावाला साहेब दवाखान्यात व्हते. दुसऱ्या डावाला तिरडीवर. तिरडीवरल्या मानसाला काय मागावं?

रुख्मिणीबाई : कोणी मला बोललं कसं नाही?

गोपीचंद : सोयऱ्याच्या दारात उभं राहून ‘तुमचा शब्द मोडला’ म्हनावं, येवढी छाती न्हाई आमची. पर आता पोरगी पंचविशी पार करून राहिली. पुसेगावच्या मास्तराचं स्थळ आलतं, वाशीमकडून आलतं. हरेक डावाला नायक म्हने, पोरगी मांगलेली हाय, पुढं जा. आता कुरुंद्याच्या अंगचा लालसिंग नावाचा पोरगा हाय. हळदीच्या हंगामात आमी तिकडं मजुरीला जातो, हळद शिजवायला. तिथं वळख झाली. चांगला हाय. दोन सालापासून थांबून हाय बिचारा. म्हनतो, तुमचा नायक व्हय म्हनला की दुसऱ्या दिवशी येतो. आखाजीला उरकून टाकावं म्हनतो मी. यंदा माझं पाठीचं दुखनं, मी गेलो न्हाई हळदीला. मिना गेलती बायांसंगं. पर मला ठावं हाय, तो थांबंल.

रुख्मिणीबाई : अहो मग करा ना! माझी काय हरकत असणार? मी तर म्हणते, लग्नाचा खर्च माझ्याकडे. साडी मी घेते. दागिना करते एखादा.

मिना : साडी नको.

रुख्मिणीबाई : मग लिहून देते. आण गं तो कागद. ‘माझी काही हरकत नाही’ म्हणून सही करते.

गोपीचंद : कागदानं न्हाई सुटत, बाईसाहेब. गूळ कागदानं खाल्ला नव्हता. ज्यानं गोड चारलं, त्यानंच तांड्यात यायचं. नायकाच्या तांब्यातलं पानी घ्यायचं, पंचांपुढं चूळ भरायची न् म्हनायचं, गोड धुतलं. बस. येवढंच. मंग पोरगी मोकळी.

रुख्मिणीबाई : मी? चूळ भरायची? साऱ्या तांड्यापुढं?

गोपीचंद : साहेब असते तर साहेबानं भरली असती. नाव त्याहीनं घेतलं, चारलं तुमी. आता तुमीच राहिल्या.

रुख्मिणीबाई : नाही हो, भाऊ. हे जमायचं नाही मला.

गोपीचंद : जीप आनतो की. पार नायकाच्या दारात उतरवतो. गुडघ्याला तकलीफ होऊ देत न्हाई.

रुख्मिणीबाई : गुडघ्याचं नाही. तुम्हाला कसं सांगू… दिपक पुढच्या वर्षी उभा राहणार आहे. वडिलांच्या जागेवर. तिकिटाचं चाललंय त्याचं. वैशाखात येणार आहे, तांड्या-तांड्यांत फिरणार आहे. चार वर्षांत पहिल्यांदा तो या घरात राहायला येतोय, भाऊ. महिनाभर. नातीला घेऊन येतोय. मी तिला अजून फोटोतच पाहिलंय. आणि नेमकं आताच मी तिकडे जाऊन, शंकरसिंगांच्या घरानं शब्द मोडला, असं माझ्याच तोंडानं सांगायचं? एका तांड्यातली गोष्ट दहा तांड्यांत जाईल. तो मला काय म्हणेल?

मिना : म्हणजे मतं अजून पाहिजेत.

गोपीचंद : मिना! तोंड आवर. कोनाच्या वट्ट्यावर बसलीस?

मिना : माझ्या सासरच्या, बा.

गोपीचंद : माफ करा, बाईसाहेब. याडी गेल्यापासून आशीच झाली. येऊ नको म्हनलो व्हतो. आसल्या बोलन्याला पोरीला आनायची रीत न्हाई. ऐकली न्हाई.

रुख्मिणीबाई : असू दे. चहा आला बघा. घ्या… खेमा, अरे यांना साखरेचे दे, तो माझा आहे. जा, आता आत बस. घे गं मिना.

मिना : मला नको.

गोपीचंद : घे. दिलेलं नाकारू नये.

मिना : इथलं घेतलेलं एकदा पुरे झालं.

रुख्मिणीबाई : हे बघ मिना. तुझ्यावर अन्याय झाला, मला कळतंय. पण ती एक गंमत होती. साहेब हौशी माणूस, सणाच्या भरात बोलून गेले. मला रीत माहीत नव्हती. यात कुणाचं मन वाईट नव्हतं गं. अजाणतेपणी झालेली चूक आहे.

मिना : तुमची अजाणतेपणी असेल.

रुख्मिणीबाई : म्हणजे?

मिना : तुमचे वडील औरंगाबादला मास्तर होते. साहेबांचे?

रुख्मिणीबाई : त्यांचे… त्यांचे वडील तांड्याचे कारभारी होते.

मिना : मग त्यांना गुळाची रीत ठाऊक नव्हती? तुम्ही परात आणली तेव्हा ते कुठं होते?

रुख्मिणीबाई : तिथंच होते. डफ घेऊन.

मिना : काय म्हणाले?

गोपीचंद : पुरे कर, पोरी. मेलेल्या मानसाला उभं करू नको.

मिना : नाही, सांगू द्या ना. त्या साली आपल्या पेटीत दुसऱ्याच्या नावावर एक मत पडलं नव्हतं, बा. तुम्हीच सांगता दर वेळी छाती फुगवून. सोयऱ्याला मत न्हाई द्यायचं तर कोनाला, म्हणून नायक घरोघर फिरला. पुसेगावकडचे आजूबाजूचे चार तांडे वळवले त्यानं. गूळ खाल्ला होता ना.

गोपीचंद : साहेब तसे नव्हते. हसून बोलनारा मानूस. माझ्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. मला व्याही म्हनला, बाईसाहेब. लेंगी झाल्यावर गाडीपाशी, समद्यांच्या देखत. व्याही म्हनला.

रुख्मिणीबाई : व्याही म्हणाले?

गोपीचंद : व्हय. गळ्याची आन.

रुख्मिणीबाई : थांबा जरा. मला… मला त्या दिवसाचं गुळाशिवाय खरं तर काहीच आठवत नाही, भाऊ. मघापासून नुसतं हो हो म्हणतेय. तुम्ही कुठले, तांडा कुठला, बर्फ कुणाला दिला, काही नाही. तुम्ही इतक्या आवडीनं सांगत होतात, म्हणून मी आपली मान डोलावत होते. पण एक आठवलं आता. ती परात. पितळी परात होती, गुळाचे खडे चिकटून बसले होते. सगळे गेल्यावर मी ती घासायला टाकत होते. साहेब आत आले. सोप्यावर आडवे झाले आणि म्हणाले, रुख्मिणी, आज तू फार मोठं काम केलंस. मी म्हटलं, अहो, गूळ तर वाटला नुसता. तर हसायला लागले. इतके हसले, की ठसका लागला. मी पाणी दिलं त्यांना.

गोपीचंद : खुशीनं हसले आसतील.

रुख्मिणीबाई : मला वाटलं, पाहुणचाराचं कौतुक करताहेत. पहिल्यांदाच कौतुक केलं होतं हो त्यांनी माझं. इतकी वर्षं मी ते जपून ठेवलं. तांड्यातल्या माणसांचं मला जमलं, एकदा तरी जमलं, असं मनाला सांगत होते.

गोपीचंद : बाईसाहेब, रडू नका. पोरीचं बोलनं मनावर घेऊ नका.

रुख्मिणीबाई : ती बरोबर बोलली. तुम्ही खाली बसा, भाऊ. उभे का राहिलात? मंगळवारी येऊ का मी?

गोपीचंद : कुठं?

रुख्मिणीबाई : तांड्यावर. नायकांना सांगून ठेवा. पंच बसतात त्यांनाही.

गोपीचंद : येता? खरंच येता? दिपकभाऊचं काय मंग?

रुख्मिणीबाई : त्याला मी सांगेन. आला तर आला, नाही आला तर नाही. नातीचा फोटो आहे माझ्याकडे.

गोपीचंद : मंगळवार बराबर हाय. बुधवारी हिंगोलीचा बाजार, मानसं घरी नसतात. मंगळवारी समदे भेटतील. मी जीपवाल्याला आताच सांगून येतो. स्टँडवरच उभा असंल, शंकरनगरचा पोरगा हाय, वळखीचा. सकाळच्या पारी तुमच्या दारात लावतो गाडी. मिना, तू बस. बाईसाहेबांचे पाय धर. आसं मानूस भेटत न्हाई. आलोच मी.

मिना : हळू जा, बा. पाठ सांभाळून.

रुख्मिणीबाई : गेले वाटतं. किती भाबडा माणूस आहे गं तुझा बाप… नको, पाया नको पडू. बस तू. चहा निवला तुझा.

मिना : मी पाया पडणार नव्हते. तुम्हाला एक सांगायचं होतं. बा नसताना.

रुख्मिणीबाई : सांग ना.

मिना : लालसिंगचं लग्न झालं.

रुख्मिणीबाई : काय?

मिना : होळीच्या आधी. मी हळदीला गेले तेव्हा कढईवर तो नव्हता. त्याची बहीण होती. म्हणाली, दोन साल थांबला, आमच्या बापानं मग हात टेकले. जिंतूरकडची केली. तो मला भेटायला आला नाही. बरंच झालं. आला असता तर काय बोललो असतो?

रुख्मिणीबाई : आणि तुझ्या वडिलांना माहीत नाही?

मिना : नाही. याडी गेल्यापासून ते जेवायला बसले की लालसिंगचंच काढतात. त्याला लोणचं आवडतं, त्याला गाय देऊ. सांगायचं म्हणते, तोंडात घास असतो त्यांच्या.

रुख्मिणीबाई : तू पळून का नाही गेलीस गं त्याच्याबरोबर? दोन वर्षं होती.

मिना : तो म्हणाला होता. याडी अंथरुणावर होती. मी गेले असते तर बाला तांड्याबाहेर काढलं असतं, आणि याडीला खांदा द्यायला कोणी आलं नसतं. मग मी म्हटलं, थांबू. थांबायची सवय होतीच.

रुख्मिणीबाई : मग आता… मिना, रागावू नकोस, पण आता मी येऊन काय उपयोग? ज्याच्यासाठी मोकळं व्हायचं, तोच नाही. म्हणत असशील तर मी… माझं तिकडे सगळं जाईल गं, आणि तुझ्या हाती काहीच येणार नाही.

मिना : म्हणून सांगितलं. तुम्हाला फसवून नेणं नको. आमचं तसंच झालं होतं. आता ठरवा. नाही म्हणालात तरी मी बाला काहीतरी सांगेन.

रुख्मिणीबाई : तुला काय हवंय, ते सांग. बापाचं नको सांगू.

मिना : आमच्या तांड्यात बायकांबरोबर पाण्याला जाताना एक म्हातारी रोज विचारते, दिपक कधी येणार गं न्यायला? तिला थट्टा करायची नसते. तिला खरंच वाटतं. बारा वर्षं झाली. मी त्याला बघितलंसुद्धा नाही कधी, फोटोत बघितला तोही लग्नातला. कोण लागतो तो माझा? उद्या मी मेले, तर तांडा तुमच्याकडे निरोप धाडेल, तुमच्या घरची बाई गेली म्हणून. मला ते नको. लग्न नाही झालं तर नाही. पण मला गोपीचंदची पोरगी म्हणून मरायचंय.

रुख्मिणीबाई : …मी येते.

मिना : दिपक?

रुख्मिणीबाई : येते म्हटलं ना. मंगळवारी. तुझी ती म्हातारी असेल ना तिथं? तिलाही बसवा समोर.

मिना : बसवते.

रुख्मिणीबाई : चूळ कशी भरायची, म्हणजे… एकदाच? की तीनदा वगैरे असतं काही?

मिना : एकदाच. पाणी भुईवर टाकायचं. पायावर उडतं, लुगडं जुनं नेसा.

रुख्मिणीबाई : बरं. मिना, त्या लालसिंगाचं वाईट वाटतं का गं तुला?

मिना : वाटतं. हळदीच्या वाफेत डोळे कोणाचेही गळतात, त्यामुळे बरं पडलं. कोणाला कळलं नाही… बा आले.

गोपीचंद : जमलं, बाईसाहेब! जीपवाला भाडं सुदीक घेत न्हाई म्हनला. साहेबाच्या घरची सवारी म्हनल्यावर भाडं कशाचं, म्हनला. बघा, हाय का न्हाई नाव अजून? न् मंगळवारी जेवूनच जायचं. बाटी करायला सांगतो. त्या होळीला तुमी आमाला जेवू घातलं, आता आमची पाळी. बायांना म्हनतो, होळी झाली तर झाली, बाईसाहेब येऊन राहिल्या, लेंगी म्हना. मिना, तू उचल पयली. तवा उचलली व्हती तशी.

मिना : बघू, बा.

गोपीचंद : बघू काय? खुशीचा दिस हाय. कुरुंद्याकडं जानारा एक मानूस भेटला आता स्टँडवर, आपल्याच सोयऱ्यातला. चार वाजताच्या गाडीनं निघून राहिला. त्याच्यापाशी लालसिंगला निरोप धाडून देतो, की मंगळवारी मोकळं होतंय, तयारीला लाग.

रुख्मिणीबाई : भाऊ, चहा घ्या ना आधी. गार झाला.

गोपीचंद : घेतो की. आलोच निरोप सांगून.

मिना : उद्या धाडा, बा. आज नको.